मायक्रोफ्रॅग महिनाभर पळतात आणि मग जागेवर थांबतात, तेव्हा काय काय तपासायचं

परत तोच प्रश्न आलाय: मायक्रोफ्रॅग, म्हणजे वाढवण्यासाठी कापलेले कोरलचे (दगडी प्रवाळाचे) बारीक तुकडे, आधी जोरात पसरले आणि मग थांबले, असं का? ह्या वेळी ऑर्बिसेला जातीचं कोरल आहे, मागच्या वेळी ब्रेन कोरल होतं, पण कथा सेम. कापलं, प्लगवर (सिरॅमिकच्या छोट्या बैठकीवर) चिकटवलं, दोनेक आठवड्यांत कापाच्या जखमा भरल्या, मग कडेने मस्त पसरायला लागलं, सगळे खुश, फोटो काढून झाले, आणि महिना-सव्वा महिना झाला की गाडी थांबते. मरत नाही, रंग बरा असतो, रात्री पॉलिप (कोरलमधले एकेक बारीक जीव) बाहेर येतात, खायला टाकलं तर खातात पण, फक्त पुढे सरकत नाही. मग माणूस घाबरतो आणि दिसेल ती बाटली ओततो, लाइट वाढवतो, फ्लो वाढवतो, सगळं एकाच आठवड्यात, आणि त्यानंतर मुळात काय बिघडलं होतं नि काय आपण बिघडवलं हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकतो.

मी अमेरिकेत फ्लोरिडा कीज बेटांवर, जमिनीवरच्या एका कोरल नर्सरीत (जिथे कोरल वाढवून परत समुद्रात लावतात) टाक्या आणि पाणी बघतो. कुठली कॉलनी कापायची, कुठल्या रीफवर (समुद्रातल्या प्रवाळखडकावर) लावायची हे बायोलॉजिस्ट मंडळी ठरवतात, माझ्याकडे पंप, पाईप, टेस्ट किट आणि शेवाळ. त्यामुळे खालचं सगळं त्या बाजूने लिहिलेलं आहे.

भारतातून वाचणाऱ्यांना आधीच सांगतो, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच की घरच्या टँकमधे करू का. नाही. दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कागदावर वाघाच्या पंगतीत. बाळगणं, विकणं, मालवणच्या खडकावरून सुट्टीत एक तुकडा उचलून आणणं, सगळं गुन्हा. तिथे काम करायचं असेल तर वन खात्याची परवानगी आणि एखाद्या संशोधन संस्थेमार्फतच. हे वाचा, समजून घ्या, पण करवत काढू नका.

आता थोडं मागचं सांगतो, कारण त्याशिवाय अडचण कुठे येते ते कळत नाही. स्टॅगहॉर्नसारखी फांद्यांची कोरलं पटापट वाढतात, पण ऑर्बिसेला, ब्रेन कोरल वगैरे जी बोल्डरसारखी गोल वाढतात, ज्यांच्यावर रीफचा सगळा डोलारा उभा असतो, ती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर, बऱ्याचदा त्याहूनही कमी. रीफ परत उभी करणारे रीस्टोरेशनवाले वर्षानुवर्षं त्यांच्या वाटेला जायचेच नाहीत, कोण थांबणार तेवढं. मग 2006 च्या सुमारास समरलँड की बेटावरच्या मोट मरीन लॅबमधे डॉ. डेव्हिड वॉन हे शास्त्रज्ञ एल्कहॉर्न कोरलचा एक तुकडा टँकमधून उचलत होते, तो खाली चिकटलेला होता, उचलताना तुटला आणि तळाशी दोन-चार पॉलिप राहिले. मरणार असं धरून सोडून दिले आणि थोड्या दिवसांनी बघतात तर ते मेले तर नव्हतेच, वर पॉलिपांची संख्या वाढलेली. तिथून पुढे मायक्रोफ्रॅगमेंटेशन. एक चौरस सेंमीच्या आसपासचे तुकडे कापायचे, टाइलवर थोड्या थोड्या अंतराने लावायचे, जखम भरण्याच्या नादात कोरल कडेने जोरात पसरतं, आणि सगळे तुकडे एकाच कॉलनीतले असले की भेटल्यावर एकमेकांना आपलं म्हणून ओळखतात आणि जुळून एक होतात. अंगणात दूर्वांचे गड्डे लावतो आणि पावसाळ्यात मधली जागा आपोआप भरते ना, तसंच.

2015 मधे फोर्समन, पेज, टूनेन आणि वॉन यांचा पेपर आला त्यात आकडे आहेत: ऑर्बिसेला फॅव्हिओलाटा महिन्याला 63 चौरस सेंमीपर्यंत, सुडोडिप्लोरिया क्लिव्होसा 48 पर्यंत, पोराइट्स लोबाटा 23 पर्यंत. हे आकडे लोक पाठ करतात आणि त्यातला 'पर्यंत' गाळतात, शिवाय हे बरेच तुकडे मांडलेल्या टाइलचे आकडे आहेत, एकट्या तुकड्याचे नाहीत. त्याच पेपरमधल्या दोन गोष्टी मात्र कुणी बोलत नाही. एक, सुरुवातीला मोठा असलेला तुकडा जास्त वेगाने वाढला, म्हणजे बारीक म्हणजे भारी असं सरसकट नाहीये, फार बारीक कराल तर पस्तावाल. आणि दुसरी, पोराइट्सची वाढ टाकीगणिक बदलली, तेच कोरल, तीच पद्धत, टाकी वेगळी की वेग वेगळा. ही दुसरी गोष्ट आमच्या पाणीवाल्यांच्या कामाची. तुकडा थांबला की दहातल्या आठ वेळा कोरलला काही झालेलं नसतं, टाकीत काहीतरी बदललेलं असतं.

आणि एक डोक्यात पक्कं असू दे, इथे जे वेगाने वाढतं ते क्षेत्रफळ, उंची नाही. जिवंत कातडी आयत्या टाइलवर पसरते, खालचा दगड आपण दिलेला असतो. त्यामुळे सगळी वाढ ही कडेला असते, तुकड्याच्या मधे बघून काही कळणार नाही. कड बघा.

पण त्याच्याही आधी, खरंच थांबलंय का ते बघा. हसू नका, ह्यात निम्मी प्रकरणं मिटतात. तुकडा कापताना खालचा सांगाडा जाड ठेवला असेल, समजा सेंटिमीटरभर, तर कातडी आधी त्या सांगाड्याच्या बाजूवरून खाली उतरते आणि मग प्लगवर येते. वरून फोटो काढताय तर उतरण दिसणारच नाही, तुम्हाला आठवडेच्या आठवडे तेच क्षेत्रफळ दिसणार आणि वाटणार की थांबलं. तुकडा आडवा धरून बाजूने बघा. म्हणूनच कापल्यावर मागचा सांगाडा घासून पातळ करायचा, काही मिलिमीटर ठेवायचा, आणि त्यातून जुन्या सांगाड्यात घुसलेले पोखरणारे स्पंज, शिंपले हेही निघून जातात. फोटो काढताना स्केल बाजूला ठेवा, कॅमेरा दर वेळी त्याच उंचीवर आणि सरळ वरून, आणि इमेजजे नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात कड आखून क्षेत्रफळ काढा. "वाढल्यासारखं वाटतंय" ह्याला काही अर्थ नाही राव, डोळा फसवतो.

आता कड. भिंग घ्या किंवा फोनची मॅक्रो लेन्स, पंप दोन मिनिटं बंद करा म्हणजे पाणी हलणार नाही. चालू वाढ असलेली कड पातळ असते, जवळजवळ पारदर्शक, मधल्या भागापेक्षा फिकी, आणि प्लगला एकदम चिकटून, कुठे कोरल संपलं आणि प्लग सुरू झाला ते पटकन सांगता येत नाही. थांबलेली कड जाड आणि गोल होते, गुंडाळल्यासारखी, रंग मधल्या भागाइतकाच गडद, आणि तिच्यासमोर बहुतेक वेळा काहीतरी उभं असतं. तिसरा प्रकार म्हणजे कडेला पांढरा स्वच्छ सांगाडा उघडा पडलेला, म्हणजे ती मागे हटतेय, आणि ते प्रकरण वेगळं, त्यावर शेवटाकडे येतो.

जाड कड आणि समोर हिरवी-तपकिरी मखमल असेल तर शोध संपला, शेवाळ. आणि वेळ बघा कशी जुळते: नवीन प्लगवर पहिले दोन-तीन आठवडे काही नसतं, कोरलला मैदान मोकळं, तेवढ्यात ते पसरतं. महिन्याभरात टर्फ शेवाळ (हीच ती मखमल) नीट मूळ धरतं, त्यात गाळ अडकतो, आणि कातडीला चढायला जागाच राहत नाही. हाच तो "महिनाभर पळालं आणि थांबलं" ह्याचा सगळ्यात साधा खुलासा. टूथब्रशने घासायचं, मऊ ब्रश, कडेच्या दिशेने नाही तर कडेपासून बाहेर, नाहीतर घाण कोरलवरच लोटता. पण घासणं हा इलाज नाही, आज घासलं की पुढच्या आठवड्यात परत. खरा इलाज म्हणजे चरणारे प्राणी. टर्बो, सेरिथ असल्या गोगलगायी, छोटे हर्मिट खेकडे, अगदी लहान समुद्री अर्चिन (काट्यांचे गोल प्राणी). मोठा अर्चिन टाकू नका, तो बुलडोझर आहे, प्लग पाडतो आणि शेवाळाबरोबर कडही खरवडतो. आणि गोगलगायी दोन टाकून होत नाही, भरपूर लागतात, आणि मेल्या की भराव्या लागतात, ही गोष्ट बजेटमधे कुणी धरत नाही. मग ऑफिसवाले विचारतात एवढ्या गोगलगायी कशाला, तर ह्याला.

दुसरं म्हणजे प्लग आधी मुरवलेले नसतात. कोरा सिरॅमिक प्लग थेट वापरला की त्यावर आधी कोण वसणार ते नशिबावर. चालू टाकीत काही आठवडे ठेवून त्यावर जिवाणूंचा थर आणि थोडं गुलाबी, दगडासारखं कडक कोरलाइन शेवाळ आलं की मग वापरा. हो, ते पण शेवाळच, पण कोरलाइनवरून कातडी चढते, टर्फवरून नाही.

आणि गोंद. सुपरग्लू जेल चांगला, सगळे तोच वापरतात, पण तुकडा दाबला की तो चहूबाजूंनी बाहेर येतो आणि पाणी लागलं की पांढरा पडून त्याची कड उभी राहते. आता कातडीला आधी ती भिंत ओलांडायची आहे. मटाराएवढा थेंब मधोमध, बस. उलट फार कमी लावला तर तुकड्याखाली फट राहते, त्यात कचरा साठतो आणि तिथून शेवाळ बाहेर येतं.

बरं, कड जाड आहे पण समोर शेवाळ नाही, प्लग स्वच्छ आहे, तर पाण्याकडे या. इथे जरा वेळ घेतो.

कोरलला सांगाडा बनवायला कॅल्शियम लागतं आणि कार्बोनेट लागतं. कॅल्शियम समुद्रात 410-420 पीपीएम असतं, भरपूर, ते सहजी संपत नाही. संपते ती अल्कलिनिटी, म्हणजे ढोबळमानाने पाण्यातला कार्बोनेटचा साठा; हिलाच केएच म्हणतात आणि ती डीकेएचमधे मोजतात. समुद्राची साधारण 7 डीकेएच. हिशोब असा, की 1 डीकेएच खर्च झाली की कॅल्शियम फक्त 7 पीपीएमने उतरतं. म्हणजे अल्कलिनिटी 8 वरून 6 वर आली, कोरलचं जेवण पाव गायब, आणि तुमचा कॅल्शियमचा टेस्ट दाखवणार 420 चे 406, तेवढा तर किटचाच एरर असतो. म्हणून "कॅल्शियम चेक केलं, बरोबर आहे" असं कुणी म्हणालं की मी विचारतो केएच किती, आणि तिथे शांतता.

आता ह्याचा महिन्याशी काय संबंध. पहिल्या आठवड्यात तुमच्याकडे समजा दोनशे तुकडे आहेत, टिचभर टिचभर, ते जेवढी अल्कलिनिटी खातात तेवढी रोजच्या पाणीबदलातून भरून निघते. तुम्ही डोसिंग (रोज पाण्यात किती रसायन घालायचं ते) तेव्हा सेट केलं. महिन्याने त्याच तुकड्यांचं क्षेत्रफळ दुप्पट, खाणं पण दुप्पट, डोसिंग मात्र तेच. मग अल्कलिनिटी रोज थोडी थोडी घसरते, कोरल हळू होतात, हळू झाले की कमी खातात, आणि मग ती खालच्या कुठल्यातरी आकड्यावर स्थिर होते. आणि हीच गंमत आहे, की आता टेस्ट केलीत तर आकडा रोज सारखाच दिसतो आणि माणूस म्हणतो, बघा किती स्टेबल आहे! स्टेबल आहे कारण वाढ बंद आहे.

तपासायचं असं. एक दिवस डोसिंग आणि नवीन पाणी दोन्ही बंद. सकाळी आठला केएच घ्या, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परत. वेळ तीच हवी. समजा 8.2 होती, 7.6 झाली, म्हणजे टाकी दिवसाला 0.6 खाते. 1000 लिटर पाण्यात 1 डीकेएच वाढवायला साधारण 30 ग्रॅम खायचा सोडा लागतो, म्हणजे इथे रोज 18 ग्रॅम. हेच गणित दर आठवड्याला परत करायचं, कारण आकडा वाढतच जाणार, आणि वाढत नसेल तर तीच तुमची धोक्याची घंटा, फोटोच्या आधी वाजणारी. सोडा एकदम ओतू नका, विरघळवून थेंबथेंब, जिथे फ्लो जोरात आहे तिथे. आणि खाली गेलेली टाकी वर आणताना दिवसाला अर्धा डीकेएच, फार तर एक. उसळी मारली तर कडेची पातळ कातडी आधी जाते, जी आपल्याला वाचवायची होती तीच.

केएच भरताय तरी वर राहत नाही, आणि हीटरवर, पंपाच्या आत पांढरा चुन्याचा थर बसतोय? मॅग्नेशियम बघा. समुद्रात 1280-1300 पीपीएमच्या आसपास असतं. ते कमी झालं की कॅल्शियम नि कार्बोनेट पाण्यातच एकमेकांना धरतात आणि भांड्यांवर बसतात, कोरलपर्यंत पोचतच नाहीत. तुम्ही सोडा घालताय तो हीटरला खाऊ घालताय.

टेस्ट किटवर आंधळा विश्वास नको. बाटलीवरची एक्सपायरी बघा, आणि आकडा विचित्र आला की काही करण्याआधी दुसऱ्या किटने बघा. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) साध्या आरओ पाण्यावर शून्य करून ठेवलेला असतो बऱ्याच ठिकाणी, तो 35 खारटपणाच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) द्रावणावर कॅलिब्रेट करा, नाहीतर तुमचं 35 म्हणजे नक्की किती ते देवाला माहीत, आणि खारटपणा चुकला की वरचे सगळे आकडे त्याच्यामागे चुकतात.

केएच, कॅल्शियम, मॅग्नेशियम तिन्ही बरोबर आणि तरी थांबलंय, तर पीएच. आमच्याकडे खाऱ्या पाण्याची बोअर आहे. बोअरचं पाणी फार स्वच्छ, गाळ नाही, रोगजंतू कमी, तापमान वर्षभर जवळपास एकसारखं, पण जमिनीतून येतं म्हणून कार्बन डायऑक्साइड ठासून भरलेला आणि ऑक्सिजन जवळजवळ नाही. ते तसंच टाकीत सोडलं तर पीएच पाडतं आणि आम्लाकडे झुकलेल्या पाण्यात सांगाडा बनवणं कोरलला महाग पडतं. म्हणून आधी उंच नळकांड्यातून, आत प्लास्टिकच्या जाळीदार चेंडूंवरून पाणी खाली पाडतात, खालून हवा मारतात, गॅस उडून जातो. आता ह्या नळकांड्याचा ब्लोअर अर्धवट बंद पडला तर अलार्म वाजत नाही, पाणी वाहतच असतं, दिसायला सगळं ठीक. बंद खोलीतल्या टाकीत तर बोअर नसतानाही हेच होतं, एसी चालू, खिडक्या बंद, चार माणसं श्वास सोडतायत, खोलीतच कार्बन डायऑक्साइड साठतो. एकदा पहाटे पीएच घ्या आणि एकदा दुपारी. दुपारचा चांगला नि पहाटेचा रडका असेल तर ताजी हवा हवी, औषध नको. आणि केएच वाढवायला साध्या सोड्याऐवजी धुण्याचा सोडा वापरलात तर पीएच थोडा वर जातो, फक्त हळू घाला.

लाइट आणि फ्लोबद्दल फार लिहीत नाही कारण त्यावर लोक आधीच फार बोलतात. ताजा कापलेला तुकडा सावलीत, आमच्याकडे उघड्यावरच्या टाक्यांवर शेडनेट असतं, आणि नेट हळूहळू काढायचं, उन्हाळ्यात परत लावायचं. वाढ थांबली म्हणून लाइट एकदम वाढवणं हा सगळ्यात वाईट सल्ला. फ्लो एवढा हवा की प्लगवर धूळ बसू नये, पण एका बाजूने सारखा फटका नको. एकाच बाजूची कड थांबली असेल तर तुमचा पंप कुठे तोंड करून आहे ते बघा, बहुतेक तिथेच उत्तर.

खाणं: नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्य आणायच्या नादात काही जण कोरल उपाशी मारतात, फिकं पडतं आणि थांबतं. उलट फॉस्फेट फार झालं की सांगाडा बनण्यात अडथळा येतो आणि शेवाळाची दिवाळी. थोडं असू दे.

शेजारी. हे बरेच जण विसरतात. एका टाइलवर एकाच कॉलनीचे तुकडे हवेत. दोन वेगवेगळ्या कॉलनींचे, जात तीच असली तरी, शेजारी आले तर जुळत नाहीत, मधे उभी कड तयार होते आणि दोघंही तिथेच थांबतात. वेगळ्या जातीचे असतील तर रात्री मारामारी, मॉन्टास्ट्रिया कॅव्हर्नोसा तर रात्री लांब डंखाचे हात बाहेर काढतं आणि शेजाऱ्याची कड जाळतं, सकाळी तुम्ही येता तेव्हा हात आत, पुरावा गायब. तर सगळे तुकडे थांबलेत की फक्त शेजाऱ्याकडची बाजू, एवढं बघितलं तरी कळतं. लेबलं पुसली गेली की ह्या भानगडी सुरू होतात, म्हणून लेबल प्लगच्या खाली नाही, ट्रेवर आणि फोटोत, दोन्हीकडे.

आता ते तिसरं, पांढरा सांगाडा उघडा पडणं. तासागणिक, दिवसागणिक पुढे सरकत असेल तर ती वाढीची समस्या नाहीच, वेगळी टाकी, वेगळी हत्यारं, हात धुवा, आणि जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. फ्लोरिडात 2014 साली मायामीजवळ एससीटीएलडी नावाचा रोग पहिल्यांदा दिसला, दगडी कोरलची कातडीच उतरवतो, आणि नेमका ह्याच बोल्डर जातींना जास्त. रीफवर त्याला अमॉक्सिसिलिनची पेस्ट लावतात डायव्हर लोक, एकेका कॉलनीला, पाण्याखाली. हळूहळू, ठिपक्यांनी पांढरं होत असेल तर आधी रात्री टॉर्च घेऊन कोण खातंय ते शोधा, चपटे किडे, न्युडिब्रँक (बिनकवचाच्या समुद्री गोगलगायी), छोट्या गोगलगायी, दिवसा प्लगच्या खाली लपलेल्या.

टाकीतून समुद्रात लावले आणि तिथे थांबले, हा प्रश्न पण येतो, आणि तिथे नव्वद टक्के लोकांचा पहिला अंदाज पाणी किंवा उष्णता, आणि उत्तर असतं मासे. पॅरटफिशला (चोचीसारखे दात असलेला मासा) नवीन प्लग दिसला की तो चावून बघतोच, आणि पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त. एवढासा तुकडा, एका चाव्यात संपतो किंवा मधोमध खड्डा पडतो, आणि उरलेला जीव खड्डा भरण्यात जातो, पसरणं बंद. चाव्याची खूण ओळखायची, दोन समांतर ओरखडे, चोचीचे. उपाय म्हणजे प्लग वर टोकासारखा न ठेवता सिमेंटमधे सपाट बसवणं, तुकडे एकेकटे विखुरण्यापेक्षा जवळजवळ लावणं म्हणजे एक गेला तरी शेजारचा ती जागा भरतो, आणि सुरुवातीचे आठवडे जाळी किंवा विरघळणाऱ्या नळ्यांचं कुंपण. जाळी कायमची ठेवू नका, आत शेवाळ माजतं, कारण चरणारे मासे पण बाहेरच राहतात. आणि हो, ज्या पॅरटफिशला शिव्या घालतो तोच रीफवरचं शेवाळ खातो. इथले लांब काट्यांचे डायडेमा अर्चिन 1983-84 मधे रोगाने साफ झाले, 2022 मधे परत फटका बसला, तेव्हापासून शेवाळ काढायला उरलंय कोण.

हे सगळं जमलं तर काय होतं ते पण सांगतो, नुसत्या तक्रारी कशाला. मोटने असे जोडून वाढवलेले ऑर्बिसेला बिग पाइन कीजवळ लावले होते, त्यांनी ब्लीचिंग (उष्णतेने रंग उडून पांढरं पडणं) सोसलं, 2017 चं इर्मा वादळ सोसलं, रोग सोसला, आणि ऑगस्ट 2020 मधे अंडी-शुक्राणू सोडले. लावल्यापासून पाचेक वर्षांत. ह्या जातीला तेवढं मोठं व्हायला नैसर्गिकरीत्या दशकं लागतात, पण कोरल वयाने नाही, आकाराने वयात येतं, आणि आकार आपण जोडून दिला. माझ्या मते ह्या पद्धतीचा खरा फायदा हा आहे, चौरस सेंमीचे आकडे नाही.

आणि मर्यादा पण ऐका. 24 जुलै 2023 ला फ्लोरिडातल्या मॅनाटी बे खाडीतल्या बॉयने (पाण्यात बसवलेल्या मोजमापाच्या यंत्राने) पाण्याचं तापमान 101.1 फॅरनहाइट दाखवलं, म्हणजे 38.4 सेल्सियस. तो उथळ, गढूळ खाडीतला बॉय होता, रीफवरचा नाही, पण रीफवरही त्या उन्हाळ्यात कहर झाला, समुद्रातल्या नर्सऱ्यांमधून कोरल उपसून ट्रकने जमिनीवरच्या टाक्यांत आणली, जेवढी आणता आली तेवढी. तेव्हा वाढीचा वेग कितीही असो, उपयोग शून्य. त्यानंतर उष्णता कुठली कॉलनी सहन करते ते बघून मगच कापायला घेण्यावर जास्त भर आलाय, आणि ते बरोबरच आहे. कमकुवत कॉलनीच्या हजार कॉप्या काढून काय करायचंय?

मालवणला हे चालेल का, असं बरेच विचारतात. पोराइट्स तिथे आहे, टर्बिनारिया आहे, सावकाश वाढणारेच प्रकार, त्यामुळे तत्त्व लागू पडतं. पण तिथली अडचण वेगळी, पावसाळ्यात गाळ आणि गोडं पाणी, लाटांमुळे चार महिने पाण्यात उतरता येत नाही, म्हणजे सगळ्यात गरजेची देखभाल, शेवाळ काढण्याची, नेमकी तेव्हा बंद. जमिनीवरच्या टाकीत पावसाळा काढून नंतर लावणं हा एक मार्ग, पण वीज गेली तर काय, ह्याचं उत्तर आधी लागतं. मुंबईत कोस्टल रोडच्या वेळी 2020 मधे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या 18 वसाहती हलवल्या होत्या, पण ते स्थलांतर होतं, वाढवणं नव्हे, दोन्ही एक समजू नका. गुजरातेत मिठापूरला जानेवारी 2020 मधे बायोरॉक लावलं, म्हणजे लोखंडी सांगाड्यात अगदी कमी दाबाची वीज सोडायची की त्यावर चुना जमतो नि तुकडे त्यावर धरतात, ती वेगळीच पद्धत, तिचे प्रश्न पण वेगळे, केबल तुटली की सगळं थांबलं.

तर पुढच्या वेळी विचारताना एवढं द्या, मग उत्तर पटकन मिळेल: जात, कधी कापलं, सांगाडा किती जाड ठेवला, वरून एक फोटो आणि बाजूने एक, दोन्हीत स्केल, कडेचा एक जवळून, चोवीस तासांतली केएचची घट, पहाटेचा पीएच, आणि मागच्या महिन्यात टाकीत काय काय बदललं ते खरं खरं. "काहीच बदललं नाही" असं लिहिण्याआधी एकदा ब्लोअरला हात लावून या.